टेकडीवरून पंख तपासणारा इंजिनीअर

बडनेऱ्याजवळच्या बेलोऱ्याहून विमान उडालं की आपण मोबाईल काढतो. पंख विमानाला उचलतो कसा, हा प्रश्न मात्र राहूनच जातो. जर्मनीतल्या ऑटो लिलिएंथालला तो लहानपणीच पडला. जन्म १८४८चा. भावासोबत तो तासन् तास करकोच्यांचं उडणं बघायचा. पुढे इंजिनीअर झाल्यावर त्याने फिरत्या दांड्याला पंख लावून हवेची उचल मोजली. सपाट पंखापेक्षा किंचित बाकदार पंख जास्त उचलतो, हे १८८९च्या पुस्तकात आकड्यांनिशी मांडलं.

मग १८९१पासून तो स्वतःच ग्लायडरला लटकून झेपावू लागला. त्यासाठी बर्लिनजवळ १५ मीटरची टेकडी उभारली. सुमारे दोन हजार उड्डाणं केली! तोल सांभाळायचा तो फक्त अंग हलवून. ९ ऑगस्ट १८९६ला दुसऱ्या एका टेकडीवर वाऱ्याने दगा दिला. तेवढ्याच उंचीवरून तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

राइट बंधूंनी त्याच्याच आकड्यांवरून सुरुवात केली. शंका आली, तेव्हा पुन्हा मोजलं आणि तोल सांभाळायची वेगळी युक्ती शोधली. २०१८मध्ये पर्लन-२ हे इंजिन नसलेलं ग्लायडर विरळ हवेत २२ किलोमीटरच्या वर पोचलं. त्या वाटेची सुरुवात मात्र १५ मीटरच्या टेकडीवर झाली होती.