सेलबोर्न न सोडणारा गिल्बर्ट

यंदा आमचं शेवटचं वर्ष. घरी, चर्चबाहेर, बसस्टॉपवर सगळ्यांचा एकच प्रश्न: पुढं कुठं? पुणे की बंगळूर? बेळगावातच राहीन म्हटलं की लोक गप्प होतात. म्हणून मला गिल्बर्ट व्हाइटबद्दल लिहावंसं वाटलं.

त्याचा जन्म १७२० चा, इंग्लंडमधल्या हॅम्पशरातल्या सेलबोर्न गावचा. ऑक्सफर्डला शिकून तो अँग्लिकन पाद्री झाला. बाहेरच्या चांगल्या जागा चालून आल्या, त्या त्यानं नाकारल्या. सेलबोर्नचं मुख्य पद तर दुसऱ्याच कॉलेजच्या हातात, ते त्याला मिळणारच नव्हतं. तरी हा साधा सहायक पाद्री म्हणून गावातच राहिला आणि वही घेऊन फिरत राहिला.

उन्हाळा सरताना त्याच्या फेऱ्यांना रंग चढायचा. एकदा क्रिकेटच्या चेंडूएवढं गवताचं घरटं हाती आलं. आत उंदराची आठ पिल्लं! शेतातल्या त्या चिमुकल्या उंदराची ब्रिटनमध्ये पहिली नीट ओळख त्यानंच करून दिली. सारख्याच दिसणाऱ्या तीन वटवट्यांना त्यानं आवाजावरून वेगळं ओळखलं.

ऑगस्टमध्ये पाकोळ्या निघून जायच्या, त्यामागून भिंगऱ्या. पण जातात कुठं? जिब्राल्टरला असलेला भाऊ जॉन कळवायचा की पक्षी समुद्र ओलांडतात. तरी थंडीच्या तोंडावर दिसणारी कोवळी पाखरं बघून गिल्बर्टला वाटायचं, काही इथंच कुठंतरी झोपत असतील. १७८१ मध्ये माणसं लावून त्यानं झुडपं धुंडाळली. काहीच मिळालं नाही. आज आपल्याला माहीत आहे, त्याचा अंदाज चुकला होता. पण हात रिकामे राहिले हेही त्यानं लिहून ठेवलं. मला तो इथंच खरा आवडला.

त्याच्या पत्रांचं पुस्तक आलं तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. २६ जून १७९३ ला तो गेला, त्याच गावात. पुस्तक अजून छापलं जातं.

गेल्या रविवारी मिस्सा झाल्यावर मी किल्ल्याच्या खंदकाकडं गेले. तारेवर सात भिंगऱ्या होत्या. वहीत तारीख आणि आकडा लिहिला. घरी परतताना शेजारच्या आंटींनी पुन्हा तेच विचारलं. या वेळी मी न अडखळता सांगितलं, इथंच.