केरीचे सुपुत्र जिवबादादा बक्षी

पेडणे महालाच्या वायव्य टोकास तेरेखोल नदी सागरास मिळते. उत्तर तीरावर तेरेखोलचा किल्ला, दक्षिण तीरावर केरी ग्राम आणि मध्ये तर. पालये, हरमलकडून येणारी वाट येथे नदी उतरते व पुढे रेडी, शिरोड्याकडे जाते. नदीमार्गे आरोंद्याकडे होड्या जातात. जलमार्ग व भूमार्ग यांच्या या तिठ्यावर वसलेल्या ग्रामातील घराणी केरकर या नावाने दूरदूर गेली. त्यांतील सर्वांत कीर्तिमान पुरुष म्हणजे जिवाजी बल्लाळ केरकर, अर्थात इतिहासास ज्ञात असलेले जिवबादादा बक्षी.

अठराव्या शतकात हा प्रदेश स्थिर नव्हता. सावंतवाडीकर भोसल्यांचा तेरेखोल किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला. पेडणे महालावर मात्र त्यानंतरही सावंतांचाच अंमल होता. अशा सीमेवरील ग्रामातील शेणवी घराण्यांच्या कर्त्या पुरुषांनी लेखणी व हिशेब यांच्या बळावर घाटावरच्या दरबारांत चाकरी धरली. त्यांपैकी अनेकांनी पुढे तलवारही तितक्याच समर्थपणे धरली. जिवबादादा हे त्यांतील अग्रणी होत. महादजी शिंदे यांच्या पदरी ते चढत चढत बक्षीपदास पोहोचले.

बक्षी म्हणजे फौजेच्या हजिरीचा व पगाराचा अधिकारी. शिपायांचा पगार थकला की फौज फुटते, हा त्या काळचा कटू अनुभव होता. १७८७ मध्ये लालसोटच्या प्रसंगी बादशाही पलटणी महादजींस सोडून शत्रूस मिळाल्या, त्याचेही एक मोठे कारण थकलेला पगार हेच होते. अशा काळात बक्षीपद सांभाळणे म्हणजे धन्याचा विश्वास व शिपायांची श्रद्धा ही दोन्ही सांभाळणे होय.

१७८८ साली गुलाम कादिराने दिल्लीत शहाआलम बादशहाचे डोळे काढले. तेव्हा महादजींनी पाठविलेल्या फौजेत राणेखानाबरोबर जिवबादादा होते. ऑक्टोबरात मराठे दिल्लीत शिरले आणि डिसेंबरात गुलाम कादिर हाती लागला. याच १७८८ साली सावंतवाडीच्या खेमसावंतांनी कोल्हापूरकरांविरुद्ध मिळालेल्या साहाय्याच्या मोबदल्यात पेडणे महाल पोर्तुगीजांस दिला. केरीचा पुत्र दिल्लीपतीची राजधानी सोडवीत असता त्याचे जन्मग्राम परकीय सत्तेखाली जात होते! त्यानंतर १९६१ पर्यंत ते तसेच राहिले.

१७९० मध्ये पाटण व मेडता येथे राजपुतान्याच्या बलाढ्य फौजांचा पराभव झाला, त्या मोहिमेतही जिवबादादा होते. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी निवर्तले आणि तरुण दौलतरावांच्या हाती कारभार आला. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या रणांगणी निजामाविरुद्ध शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व जिवबादादांकडे होते. मराठी सरदार एकत्र येऊन जिंकलेली ती अखेरची मोठी लढाई. पुढे ऑक्टोबरात सवाई माधवराव पेशवे वारले, गादीचा वाद पेटला आणि अनुभवी माणसाची सर्वांत जास्त गरज असताना, जानेवारी १७९६ मध्ये, जिवबादादांचे देहावसान झाले. दौलतरावांच्या कारभाराची सूत्रे बाळोबा तात्या पागनीस यांच्या हाती गेली.

त्यानंतरचा अध्याय दुःखद आहे. महादजींच्या विधवा स्त्रियांच्या बाजूने लखबादादा लाड, जगोबा बापू आदी जुने शेणवी सरदार उभे राहिले आणि दौलतरावांचा रोष साऱ्या मंडळीवर ओढवला. सर्जेराव घाटग्यांच्या हाती जुन्या सेवकांचे प्राक्तन गेले. बाळोबा तात्या अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत मृत्यू पावले, तर नारायणराव बक्षींचा अंगास बाण बांधून क्रूर वध झाला. ज्यांनी दौलत उभारली त्यांचाच असा शेवट व्हावा, यात शिंद्यांच्या राज्याच्या उतरणीचे बीज दिसते. १८०३ साली इंग्रजांपुढे ती दौलत नमली.

 मागे राहिले ते ग्रामाचे नाव, आडनावाच्या रूपाने उत्तर हिंदुस्थानच्या इतिहासात कोरलेले. आपल्या महाजन कुलांतील अनेक घरे अशीच पोटासाठी परप्रांती गेली, पण देवाच्या पालखीचा मान व ग्रामनामाचा धागा त्यांनी तुटू दिला नाही. वेतन वेळेवर देणे, दिलेला शब्द पाळणे व धन्यापाशी अखेरपर्यंत निष्ठा राखणे हे बक्षीपदाचे गुण आजच्या देवस्थानाच्या कारभारासही तितकेच उपयुक्त आहेत. तरीतून केरीच्या धक्क्यावर उतरताना तरुण महाजनांनी या महापुरुषाचे स्मरण करावे व त्याचे चरित्र आपल्या मुलाबाळांस सांगावे, हेच त्यास खरे अभिवादन होय.