राजे सरफोजी आणि धन्वंतरी महाल

तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे यांचा जन्म १७७७ मध्ये झाला. तुळजाजी राजांनी त्यांना १७८७ मध्ये दत्तक घेतले. परंतु गादी अमरसिंह यांच्याकडे गेली आणि सरफोजी यांना ती १७९८ मध्ये लाभली. पुढच्याच वर्षीच्या तहाने कुंभकोणमसह कावेरीकाठच्या मुलखाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले.

सत्ता गमावलेल्या या राजाने विद्या आणि आरोग्य यांकडे लक्ष वळविले. त्यांनी उभारलेल्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक यांचा एकत्र अभ्यास होत असे. छत्रांमध्ये वाटसरूंना अन्नाबरोबर औषधोपचार मिळत आणि गरोदर स्त्रियांची काळजी घेतली जाई.

उपचारगृहाची रचना असो वा औषधाची निवड, ती रुग्णावर दिसलेल्या परिणामांच्या पुराव्यावर ठरावी, असा आग्रह आज धरला जातो. त्यासाठी लागणारी शिस्तबद्ध नोंद तंजावरात दोनशे वर्षांपूर्वी होत होती. नेत्ररुग्णांची लक्षणे, उपचार आणि डोळ्यांची चित्रे तेथे जपली जात.

सरफोजी यांचे १८३२ मध्ये निधन झाले आणि १८५५ मध्ये संस्थानही संपुष्टात आले. त्या रुग्णनोंदी मात्र सरस्वती महाल ग्रंथालयात टिकून राहिल्या.