बाबासाहेबांचं वाचन

अंबरनाथ ते उल्हासनगर लोकलमध्ये उभ्यानं चार पानं वाचली की आपण स्वतःला वाचक समजतो. मला मग बाबासाहेब आंबेडकर आठवतात. परळच्या चाळीत एकच खोली, पण पोराच्या पुस्तकासाठी रामजी सुभेदार लग्न झालेल्या लेकीचा दागिना गहाण ठेवायचे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढे न्यूयॉर्कला पोटाला चिमटा काढून जुनी पुस्तकं जमवली. १९१७ मध्ये परतताना पुस्तकं वेगळ्या बोटीनं पाठवली आणि महायुद्धात ती बोटच बुडाली! माझी नोट्सची झेरॉक्स हरवली तरी मी दोन दिवस कुणाशी बोलत नाही. त्यांनी पुन्हा सगळं जमवलं, दादरला राजगृह बांधलं तेही पुस्तकांचा विचार करूनच. मग वाचन कामाला जुंपलं गेलं : कायदा, अर्थशास्त्र, राज्यघटना. उतारवयात मधुमेहानं शरीर थकलं, नजर अधू झाली, आणि वाचन फिरून बुद्धापाशी आलं. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेची टाइप केलेली पानं त्यांनी तपासायला उशाशी ठेवून घेतली. सकाळी ते गेलेले होते. ग्रंथ १९५७ मध्ये निघाला.