लाखेला पर्याय देणारा रसायनशास्त्रज्ञ

भंडारा जिल्ह्यात पळस फुलला की मला डॉ. लिओ बेकलंड आठवतात. जन्म १८६३, बेल्जियम, कर्मभूमी अमेरिका. पळस-कुसुमाच्या फांद्यांवरची लाख तेव्हा विजेच्या उपकरणांत विद्युतरोधक म्हणून जगभर खपे. मागणी वाढली, भाव चढले. पण लाखेचा किडा आपल्याच गतीने काम करी. बेकलंड यांनी १९०७ साली फिनॉल व फॉर्मल्डिहाइडपासून बेकेलाइट बनवले. टेलिफोन, विजेची बटणे त्याचीच झाली. ग्रामोफोनच्या तबकड्यांनी लाखेला काही दशके तारले. पुढे तिथेही विनाइल आले. बेकलंड १९४४ साली वारले. त्यांना कीर्ती, पैसा मिळाला. रानात लाख खरवडणारे हात मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हते. घरातला जुना काळा खटका दाबताना मला ते दोघेही आठवतात.