संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदन

स्वतःचे चरित्र सांगताना मनुष्य बहुधा आपले गुण पुढे ठेवितो आणि दुःखाचा दोष इतरांवर टाकितो. श्रीतुकाराममहाराजांच्या शिष्या संत बहिणाबाई (१६२८–१७००) यांचे अभंगरूप आत्मनिवेदन यास अपवाद आहे.

वेरूळनजीकचे देवगाव हे त्यांचे जन्मस्थान. बालपणीच त्यांचा विवाह शिऊरच्या पाठक आडनावाच्या, वयाने पुष्कळ मोठ्या बिजवराशी झाला. पुढे कोल्हापुरास असता जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग कानी पडले व दर्शनाचा ध्यास लागला. स्वप्नात तुकोबांनी अनुग्रह केला, असे त्या सांगतात. ब्राह्मण स्त्रीने शूद्र मानलेल्या पुरुषास गुरू करावे, हे पतीस साहवले नाही. त्यांनी मारहाण केली. पत्नी गर्भवती असता गृहत्यागाचाही निश्चय केला. इतक्यात ते आजारी पडले. बहिणाबाईंनी अहर्निश शुश्रूषा केली. पतीचे मन पालटले आणि उभयता देहूस आले. तेथे मंबाजीने छळ मांडला, तरी तुकोबांच्या कीर्तनाचा लाभ त्यांनी सोडला नाही.

पुढे त्यांनी वज्रसूची उपनिषदाचा आशय मराठीत आणिला. केवळ जन्माने ब्राह्मण्य येत नाही, हा त्याचा सिद्धान्त त्यांनी प्रथम स्वतःच्या संसारात भोगिला होता.

बहिणाबाई मार लपवीत नाहीत. पतिसेवा आणि हरिभक्ती यांच्या ओढाताणीत मनात उठलेले संशयही लपवीत नाहीत. संसारतापाने खचलेल्या साधकाने हे आत्मनिवेदन अवश्य वाचावे. सत्य सांगूनही चित्त द्वेषरहित कसे ठेवावे, हे त्यातून कळते.