डोक्यांचं माप घेणाऱ्या इरावतीबाई



आमचं जोहे गाव पेण तालुक्यातलं. जोहे आणि शेजारचं हमरापूर इथं घरोघर गणपतीचे कारखाने आहेत. आषाढीची वारी करून वारकरी घरी येतो, तेव्हा ओटीवर, पडवीत, माळ्यावर मूर्तींच्या रांगा लागलेल्या असतात. साच्यातून निघालेल्या शंभर मूर्ती सारख्या दिसतात खऱ्या, पण शेवटी डोळ्यांची आखणी हातानंच करायची असते. जुना कारागीर त्या वेळी उजवा डोळा आणि डावा डोळा पुन्हा पुन्हा ताडून पाहतो. मूर्तीला दोन्ही बाजू सारख्या लागतात. माणसाच्या चेहऱ्याला मात्र देवानं ती अट घातलेली नाही. कोणाचीही उजवी बाजू डावीशी तंतोतंत जुळत नाही.

हीच गोष्ट धरून एका मराठी बाईनं जर्मनीत जाऊन प्रबंध लिहिला, आणि पुढं हीच बाई पालखीबरोबर पायी पंढरीलाही गेली. त्या म्हणजे डॉक्टर इरावतीबाई कर्वे. त्यांचं नाव पुष्कळांनी ‘युगान्त’ या महाभारतावरच्या ग्रंथामुळे ऐकलेलं असतं. पण त्यांचा मूळ धंदा माणसं मोजण्याचा होता, आणि त्या मापातून जे निघालं ते आपल्या पंथाला जवळचं आहे. म्हणून हे चरित्र आम्ही इथं सांगायला घेतलं.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात मिंज्यान इथं झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथं कापसाच्या कंपनीत इंजिनिअर होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत धाडलं. तिथं शकुंतला परांजपे हिच्याशी मैत्री जमली आणि तिचे वडील रँग्लर परांजपे यांच्या घरी ही मुलगी घरचीच होऊन राहिली. पुढं फर्ग्युसन कॉलेजातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन त्या बी. ए. झाल्या. मग मुंबईस डॉक्टर घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकून १९२८ मध्ये एम. ए. झाल्या. याच सुमारास महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते.

आता गंमत पाहा. सासरे स्त्रीशिक्षणाचे भीष्माचार्य, पण सुनेनं परदेशी शिकायला जावं हे त्यांना रुचलं नाही. दिनकरराव मात्र पत्नीच्या मागं ठाम उभे राहिले. पैशाची सोय कर्ज काढून झाली आणि १९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला निघाल्या.

बर्लिनमध्ये मानववंशशास्त्राची एक मोठी संस्था १९२७ मध्ये निघाली होती. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर. हे पंडित गोऱ्यांना जन्मानंच श्रेष्ठ मानणारे. त्यांची अटकळ अशी होती की गोऱ्या युरोपियन माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो, त्यामुळे त्याची कवटी एका बाजूला जास्त फुगलेली असते, आणि हीच त्याच्या अधिक बुद्धीची खूण. इतरांच्या कवट्यांत हे आढळणार नाही. हे मोजून दाखवण्याचं काम त्यांनी हिंदुस्थानातून आलेल्या या तरुण बाईला दिलं.

संस्थेच्या कपाटांत मेलेल्या माणसांची डोकी रांगेनं मांडलेली होती. काही युरोपातली, काही जर्मनांनी आपल्या वसाहतींतून उचलून नेलेली. त्या माणसांना वा त्यांच्या नातलगांना कोणी विचारलं नव्हतं. इरावतीबाईंनी अशा १४९ कवट्या घेतल्या. वाकड्या पायांच्या मापयंत्रानं एकेकीची उजवी बाजू, डावी बाजू, कपाळ, मागचा भाग सारं मोजलं, आकडे मांडले, पुन्हा ताडले. निष्कर्ष निघाला तो असा की दोन्ही बाजूंत फरक असतो, पण तो सगळ्याच माणसांत असतो. गोरा-काळा यावर तो अवलंबून नाही. गुरूची अटकळ मापात बसली नाही.

गुरूला हवा असलेला आकडा देणं सोपं होतं. परका देश, डोक्यावर कर्ज आणि पदवी गुरूच्याच हातात. तरी बाईंनी जे मोजलं तेच लिहिलं. गुरूंनी त्यांना गुण अगदी कमी दिले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पण पदवी मिळाली, आणि १९३० मध्ये त्या स्वदेशी परतल्या. पुढं १९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले, आणि त्याच संस्थेतल्या पंडितांनी वंशशुद्धीच्या कायद्यांना शास्त्राचा टेकू दिला. त्या कायद्यांपायी केवढा संहार झाला हे जगाला ठाऊक आहे. खोटं माप इतकं महाग पडतं.

इथं आम्हाला तेरचे गोरोबाकाका आठवतात. काकांनी थापटणं घेऊन संतमंडळींच्या डोक्यावर थापट्या मारल्या आणि कोणतं मडकं पक्कं, कोणतं कच्चं ते सांगितलं, ही कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. काकांनीही डोकीच तपासली. पण तुझी जात कोणती, असं त्यांच्या थापटण्यानं कोणाला विचारलं नाही. आत अहंकार उरला आहे की भाजून निघाला आहे, एवढंच पाहिलं. बर्लिनच्या पंडितांनी डोकं हाती घेण्याआधीच निकाल ठरवून ठेवला होता. दोन्ही परीक्षांत हा एवढा भेद आहे.

परत आल्यावर इरावतीबाईंनी काही वर्षं मुंबईस महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रारचं काम केलं. १९३९ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्यानं उघडलं, तेव्हा त्या तिथं रुजू झाल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिल्या. घरात तीन मुलं, बाहेर हा असा उद्योग. मोजपट्टी, मापयंत्रं आणि वह्या घेऊन त्या गावोगाव हिंडत. माणसाची उंची, डोक्याची लांबी-रुंदी, नाकाचं माप घेत, आणि त्याबरोबर घरातलं नातंगोतं, सोयरीक कुठं होते, कुठं होत नाही, हेही विचारून लिहीत. गुजरातेत लांघणज इथं डॉक्टर सांकलियांबरोबर त्या उत्खननाला गेल्या, तिथं अश्मयुगीन माणसांचे सांगाडे सापडले. १९४७ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या मानवशास्त्र विभागाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. हिंदुस्थानातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये निघाला, तो आजही शिकवला जातो. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या या पहिल्या बाई, असंही सांगतात.

जातीविषयी त्यांना काय दिसलं? एकच नाव असलेल्या जाती एका मुळाच्या असतातच असं नाही. कुंभार म्हणून आपण एकच नाव घेतो, पण त्यात कितीतरी निराळे समूह, त्यांच्यात सोयरीक नाही. ब्राह्मणांचंही तेच. आपल्या इथल्या आठ ब्राह्मण जातींची मापं व रक्तगट तपासून त्यांनी व डॉक्टर मल्होत्रांनी १९६८ मध्ये निबंध लिहिला. दर्जा एकच मानलेला, पण शरीराच्या मापानं त्या जाती एकमेकींपासून निराळ्या निघाल्या. म्हणजे भेद आहेत, कारण पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक आपसात झाली. पण मापात दिसतो तो फक्त वेगळेपणा. उच्चनीचता मापात सापडत नाही, ती आपण वरून चिकटवतो.

खरं तेही सांगायला हवं. बर्लिनची मापयंत्रं इरावतीबाईंनी जन्मभर सोडली नाहीत, आणि माणसांचे गट असे मापानं पाडावेत का, असा आक्षेप आजचे अभ्यासक घेतात. शास्त्र आता कवटीवरून रक्तावर आणि रक्तावरून पेशीतल्या बीजद्रव्यापर्यंत पोचलं आहे. १९७२ मध्ये लेवाँटिन या शास्त्रज्ञानं हिशेब मांडला की माणसामाणसांतल्या जन्मजात फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समाजातल्या माणसांतच असतात. पुढच्या संशोधनानंही तेच धरून ठेवलं. साऱ्या मानवजातीचं मूळ घर आफ्रिका, हेही आता ठरल्यासारखं आहे.

आता वारीकडे येऊ. इरावतीबाई ज्ञानोबांच्या पालखीबरोबर पायी पंढरीस गेल्या, आणि त्यावर ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. तो १९४९ मध्ये निघालेल्या ‘परिपूर्ती’ या पुस्तकात आहे. भजनात, चालण्यात, नाचण्यात सारे एक होतात हे पाहून त्यांचं मन भरून आलं. ज्या मुलखाची माणसं पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी महाराष्ट्राची ओळख त्यांना त्या वाटेवर पटली. पण मुक्कामाला जेवायची वेळ झाली की त्यांच्या दिंडीतले ब्राह्मण निराळे बसत आणि मराठे निराळे. दिवसभर एका तालावर चाललेली पावलं चुलीपाशी येऊन फुटत. हे त्यांना फार लागलं. त्या उठून मराठा बायांत जेवल्या. त्यानंतर त्या बाया हात धरून बरोबर चालू लागल्या, घरचं सुखदुःख सांगू लागल्या, ताई म्हणू लागल्या. बर्लिनमध्ये १४९ कवट्यांत न सापडलेली ती रेघ आपल्याच दिंडीत जेवणाच्या ताटापाशी निघाली.

तो काळच तसा होता, असं म्हणून आपण सुटू शकत नाही. पंढरीच्या विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं, तेही याच काळात. देवानं दार कधी लावलं नव्हतं, ते लावणारे आपणच.

‘युगान्त’ला १९६८ मध्ये साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यास इरावतीबाईंचं निधन झालं. त्यांच्या शास्त्राचं शिक्षण आज पुणे विद्यापीठात मिळतं, आणि डेक्कन कॉलेजात जुन्या सांगाड्यांचा अभ्यास चालतो. आखणी करताना दोन डोळ्यांतला केसाएवढा फरक पकडणारी पोरं आमच्या गावात पुष्कळ आहेत. त्यांतल्या एखाद्यानं हा रस्ता धरला तर आम्हाला आनंदच होईल. दृष्टी तयार आहे, फक्त आकडा आपल्या मनासारखा वाकवायचा नाही, एवढं व्रत पाळावं लागेल.

आणि वारकऱ्यांनी काय करावं? येत्या वारीत मुक्कामाला पंगत बसेल तेव्हा आपल्या उजव्या हाताला कोण बसलंय, डाव्या हाताला कोण, हे एकदा बघावं. तिथं अजून कुठं एखादी रेघ उरली असेल, तर ताट उचलून पलीकडे जाऊन बसावं. इरावतीबाई तशा बसल्या होत्या.

रामकृष्ण हरी.